आधी नोटीस वाच, मग ग्रीन

भाचीबाई, हँडिकॅप मिळाल्याचे पेढे पोचले, चांगले होते. आता क्लबाच्या स्पर्धांत नाव घालायला तू मोकळी झालीस आणि घोळ इथूनच सुरू होतात. स्विंगबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. त्यासाठी कोच आहे, त्याची फी तू भरतेस. पण नवे मेंबर सकाळी चांगले फटके मारूनही दुपारी हात हलवत घरी जातात, त्याची कारणं कोच सांगत नाही. ती स्कोअरकार्डावर असतात.

या खेळात तुझ्यामागे शिट्टी घेऊन फिरणारं कुणी नसतं. फटके तूच मोजायचे, दंड लागला तर तूच लावून घ्यायचा, शेवटी सहीही तुझीच. म्हणून आज कार्ड नेमकं काय मोजणार आहे हे पहिल्या टीवर जाण्याआधी पक्कं ठाऊक पाहिजे. त्याच होलवर, त्याच नाल्यासमोर, एका रविवारी आखूड मारणं शहाणपणाचं असतं आणि पुढच्या रविवारी तोच फटका भित्रेपणाचा ठरतो. मधल्या आठवड्यात नाला हललेला नसतो. बदललेला असतो तो स्पर्धेचा प्रकार.

बोर्डावर पत्रक लागलं की मंडळी तारीख बघतात, बक्षीस बघतात, जेवणाचा बेत बघतात आणि नाव लिहून मोकळी होतात. तू चार ओळी जास्त वाच. प्रकार कोणता: मेडल, स्टेबलफोर्ड, फोरबॉल, स्क्रॅम्बल की मॅचप्ले. हँडिकॅपचे किती टक्के मिळणार. कोणत्या रंगाच्या टीवरून खेळायचं. आणि बरोबरी झाली तर निकाल कसा लावणार. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं पत्रक कुणीतरी निम्मं कापून पुढे ढकललेलं असतं, त्यावर विसंबू नकोस. कमिटीने लावलेल्या अटी त्याच खऱ्या.

पुण्यात हंगाम चढतो तो पाऊस ओसरल्यावर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी रविवार मोकळा सापडणं कठीण: महिन्याचं मेडल, कॅप्टनची स्पर्धा, क्लबाची चॅम्पियनशिप, शिवाय कंपन्यांनी आधीच घेऊन ठेवलेले शुक्रवार-शनिवार. व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा असेल तो आठवडा मेंबरांना मैदान मिळत नाही, आणि त्या आठवड्यात रुसून घरी बसण्यापेक्षा दोरीमागे उभं राहून बघावं. वर्षाचा तक्ता हाती आला की नाव देण्याच्या शेवटच्या तारखा डायरीत लिही, स्पर्धेच्या तारखा मागाहून. नाव घातलंस तर ये. ड्रॉ लागल्यावर रात्री उशिरा 'ताप आलाय' असा मेसेज गेला की चौघांचा गट तिघांचा होतो आणि सेक्रेटरी ते विसरत नाही. तुझ्या आजोळी, नाशकात, 'गोल्फ क्लब'वर जाऊन यायला यातलं काहीच लागत नाही म्हणा. त्या मैदानाला अजून सगळे गोल्फ क्लबच म्हणतात, पाटी हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाची आहे आणि तिथे रणजीचे सामने होतात, लोक फेऱ्या मारतात, गोल्फ तेवढा होत नाही.

आता हँडिकॅप. तुझ्या ॲपवर दिसतो तो इंडेक्स, आणि तो थेट स्पर्धेत वापरायचा नसतो. 2020 पासून जगभर एकच पद्धत आली आहे: तुझ्या शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी उत्तम 8 फेऱ्यांची सरासरी. तुझ्यासारख्या नव्या खेळाडूचे 54 होल भरले की सुरुवात होते. तीनच कार्डं असतील तर त्यांतलं सर्वांत चांगलं घेऊन त्यातून आणखी 2 वजा करतात. म्हणून नव्या मेंबरांना पहिले काही महिने आपला हँडिकॅप कंजूष वाटतो. तक्रार करू नकोस, कार्डं भरत राहा. वाईट फेऱ्यांचीही.

त्या इंडेक्सवरून मैदानाचा हँडिकॅप निघतो. समजा तुझा इंडेक्स 24.0 आहे, तुझ्या टीचं स्लोप रेटिंग 118, कोर्स रेटिंग 70 आणि पार 71. 24 ला 118 ने गुणायचं, 113 ने भागायचं, येतात सुमारे 25. त्यात रेटिंग आणि पार यांतला फरक मिळवायचा, म्हणजे इथे एक वजा. झाले 24. यातल्या 113 चं गूढ काही नाही, प्रमाण मानलेल्या मैदानाचा स्लोप तेवढा धरला आहे. हे गणित हाताने करायची गरज नसते, पहिल्या टीजवळ तक्ता लावलेला असतो. मात्र तक्ता वाचताना रंग आणि रकाना नीट बघ. एकाच टीसाठी बायकांचं आणि पुरुषांचं रेटिंग वेगळं असतं, आणि घाईत नवऱ्याच्या रकान्यातला आकडा उचलणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

त्यापुढची पायरी टक्केवारीची, ती सगळ्यांत जास्त विसरली जाते. एकेरी मेडल किंवा स्टेबलफोर्डला सहसा 95 टक्के मिळतात, म्हणजे तुझे 24 चे 23 झाले. फोरबॉल स्टेबलफोर्डला 85 टक्के, म्हणजे 20. एकास एक मॅचप्लेला पूर्ण 100 टक्के, पण दोघांच्या हँडिकॅपमधला फरक तेवढा कमजोर खेळाडूला मिळतो. 23 मिळाले तर प्रत्येक होलवर एक फटका आणि कार्डावरच्या अवघडपणाच्या क्रमाने, म्हणजे स्ट्रोक इंडेक्सने, 1 ते 5 या होलांवर दोन-दोन. घरी बसून कार्डावर पेन्सिलने ठिपके काढ, जिथे एक तिथे एक, जिथे दोन तिथे दोन. मैदानावर घामाघूम झाल्यावर ही बेरीज डोक्यात बसत नाही.

हँडिकॅप मुद्दाम फुगवून ठेवणारे प्रत्येक क्लबात असतात. रोजच्या खेळात शेवटचे पट वेंधळ्यासारखे चुकवायचे आणि कपाच्या दिवशी चमकायचं. नव्या पद्धतीने त्यांची थोडी पंचाईत केली आहे. इंडेक्सपेक्षा 7 किंवा जास्त फटक्यांनी सरस फेरी झाली तर संगणक आपणहून 1 कापतो, 10 किंवा जास्त असेल तर 2. वर चढण्यालाही लगाम आहे: वर्षभरातल्या नीचांकापेक्षा 5 च्या पुढे इंडेक्स जाऊच शकत नाही. तरी नावं सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्यात तुझं नाव येऊ देऊ नकोस, एवढं एक मामाचं ऐक.

मेडल हा सगळ्यांत सरळ आणि सगळ्यांत निर्दय प्रकार. अठराही होल खेळायचे, प्रत्येक बॉल छिद्रात घालायचा, एकूण फटक्यांतून हँडिकॅप वजा. शुक्रवारच्या मित्रमंडळींत बॉल हातभर राहिला की 'घे, झाला' म्हणतात. मेडलमध्ये ही मेहरबानी नाही. कुणी प्रेमाने म्हटलं तरी बॉल उचलू नकोस. बॉल आत न घालता पुढच्या होलला टी-ऑफ केलंस की स्पर्धेतून बाद. मेडलमध्ये मोठा आकडा हाच खरा शत्रू. तुझ्यासारख्या 23 वाल्या खेळाडूला बर्डी नको असते. दहा-अकराचे होल टाळले की नेट आपोआप पारजवळ येतं. नाल्याला दीडशे यार्ड उरलेत, हातात सरळ न जाणारा वूड आहे, तर आखूड लोखंडी घे, नाल्याअलीकडे ठेव, मग चिप, मग दोन पट. बोगी, फार तर डबल. ज्या होलवर तुला दोन फटके आहेत तिथे पार-4 चा तुझा हिशेब 6 चा आहे. मनात 6 धरून टीवर उभी राहिलीस की ड्रायव्हर आपोआप बॅगेत जातो.

स्टेबलफोर्डवर मी जास्त वेळ घालवणार, कारण आपल्याकडच्या क्लबांत रविवारचा हाच लाडका प्रकार आणि यातच नवे लोक सर्वांत जास्त गुण वाया घालवतात. हा प्रकार एका डॉक्टरने काढला, फ्रँक स्टेबलफोर्ड, इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबचे सभासद. समुद्राकाठचं मैदान, तिथल्या वाऱ्यात एका होलवर कार्ड फाटलं की माणसं उरलेली फेरी वैतागून खेळत. 1932 साली त्या क्लबात या पद्धतीची पहिली स्पर्धा झाली आणि नंतर ती जगभर पसरली. फटके जोडायचे नाहीत, होलागणिक गुण मिळवायचे. तुझ्या वाट्याचे फटके धरून नेट पार केलीस तर 2 गुण, एकाने जास्त झाले तर 1, एकाने कमी तर 3, दोनने कमी तर 4. नेट डबल बोगी किंवा त्याहून वाईट, शून्य. शून्याखाली काही नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

उदाहरण घे. पार-4, स्ट्रोक इंडेक्स 3, तुला दोन फटके. 6 मध्ये संपवलंस तर 2 गुण, 5 मध्ये 3, 7 मध्ये 1. सातवा फटका मारून झाला आणि बॉल अजून बाहेर आहे, तर तो उचल आणि खिशात टाक. आठव्या फटक्याला काही मिळणार नाही. मिळेल ते मागच्या गटाचं 'अजून किती वेळ'. कार्डावर रेघ मार आणि पुढे चल. हँडिकॅपसाठीची नोंद वेगळ्या नियमाने होते, तिथे त्या होलवर तुझ्या नावावर जास्तीत जास्त नेट डबल बोगी धरतात, म्हणजे 8. मेडलमध्ये याच होलवर 11 झाले असते तर पाच फटके गेले असते. स्टेबलफोर्डमध्ये दोनच गुण गेले.

यातून दोन कानमंत्र निघतात. पहिला: एक होल बुडाला म्हणून पुढच्या होलवर वसुली करायला जाऊ नकोस, दोन गुणांची वसुली एका फटक्यात होत नसते. दुसरा थोडा उलटा: जिथे गुण आधीच हातातून गेलाय तिथे धाडस फुकट मिळतं. पार-3, तुला एक फटका, तीन फटके झालेत, बॉल बंकरच्या ओठाखाली आहे. आता 5 मध्ये एक गुण मिळतो, 6 मध्ये शून्य. अशा वेळी बाजूला सुरक्षित काढण्यापेक्षा थेट झेंड्याकडे मार. मेडलमध्ये हाच सल्ला मी देणार नाही. अठरा होल दोन-दोन गुणांचे झाले की 36, म्हणजे तू तुझ्या हँडिकॅपला खेळलीस. सामान्य रविवारी 36 ला बक्षीस लागतंच असं नाही, पण 36 आणणाऱ्या माणसाशी दुपारी बारमध्ये कुणी सहानुभूतीने बोलत नाही.

फोरबॉलमध्ये दोघींचे चेंडू वेगळे, होलवर जिचा स्कोअर चांगला तो जोडीचा. इथे क्रम तुमच्या हातात असतो. जोडीदारांपैकी आधी कुणी मारायचं ते तुम्ही ठरवू शकता. जिचा बॉल सुरक्षित जागी आहे तिला आधी खेळू दे. ती ग्रीनवर पोचली की तू नाल्यावरून खुशाल मार, बुडाला तर बुडाला. दोघींनी एकाच वेळी शूर व्हायचं नाही, आणि दोघींनी एकाच वेळी भिऊही नये. कार्डावर होलागणिक निदान एकीचा स्कोअर लागतो आणि तो कुणाचा हे स्पष्ट दिसायला हवं. चुकून जोडीदाराच्या रकान्यात तुझा 4 गेला तर तिचे फटके आणि तुझे फटके मिसळतात, मग टेबलावर वाद.

फोरसममध्ये एकच बॉल, आलटून पालटून फटका. दोघींच्या हँडिकॅपच्या बेरजेचे निम्मे मिळतात. विषम होलांवर कुणी टी-ऑफ करायचं ते पार-3 कुठल्या बाजूला जास्त आहेत ते बघून ठरवा, आणि एकमेकींना 'सॉरी' म्हणणं पहिल्या होलआधीच बंद करा. स्क्रॅम्बल म्हणजे कंपन्यांची जत्रा: चौघे मारतात, सर्वांत चांगला बॉल निवडतात, तिथून पुन्हा चौघे मारतात. हँडिकॅप सहसा 25, 20, 15 आणि 10 टक्के असा, सर्वांत कमी हँडिकॅपवाल्याला 25. प्रत्येकाचे ठरावीक ड्राइव्ह वापरलेच पाहिजेत अशी अट बहुधा असते. तुझे ड्राइव्ह सुरुवातीलाच वापरून घ्या, सतराव्यावर तुझ्यावर पाळी आणू नका. ग्रीनवर सर्वांत कच्च्या पटरने आधी पट मारायचा, त्यावरून बाकीच्यांना रेषा दिसते.

मॅचप्लेमध्ये एकूण आकड्याला काही अर्थ नाही. होल जिंकला, हरला की बरोबरी. '3 आणि 2' म्हणजे दोन होल शिल्लक असताना तीनने पुढे, सामना संपला. इथे मात्र पट सोडून देता येतो आणि एकदा 'सोडला' म्हटलं की शब्द परत घेता येत नाही. तोंड उघडण्याआधी विचार कर. प्रतिस्पर्ध्याने 'किती झाले?' विचारलं तर खरा आकडा सांगायचा, चुकीचा सांगून तो वेळेत दुरुस्त केला नाहीस तर होल जातो.

बरोबरीचं सांगायचं राहिलं. क्लबात प्लेऑफला वेळ नसतो, काउंटबॅक लावतात: शेवटच्या नऊ होलांचा स्कोअर कुणाचा चांगला, तो सारखा असेल तर शेवटचे सहा, मग तीन, मग अठरावा. नेट मेडलमध्ये त्या नऊसाठी निम्मा हँडिकॅप वजा करतात, सहासाठी तिसरा हिस्सा, तीनसाठी सहावा. शॉटगन स्टार्टमध्ये, म्हणजे सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलांवरून सुटतात तेव्हा, तू सातव्यावरून सुरुवात केलीस तरी काउंटबॅकचे शेवटचे नऊ म्हणजे सहसा कार्डावरचे 10 ते 18 च. एकदा पत्रकात बघून घे. थकलेल्या पायांनी खेळलेला अठरावा कितींच्या हातून कप काढून घेतो ते निकालाच्या फळ्यापाशी उभं राहून बघ.

आता कार्ड. सुरुवातीला कार्डं अदलाबदल होतात, तुझं कार्ड मार्करकडे, मार्करचं तुझ्याकडे. दर होलनंतर, पुढच्या टीवर, आकडा मोठ्याने विचार आणि लिही. फेरी संपल्यावर क्लबहाऊसमध्ये शांत बसून एकेक होल ताडून पाहा, मग सही. कर्जाच्या कागदावर लोक न वाचता सही करतात, तशी ही सही करायची नाही. नियम असा: एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून सही केलीस तर स्पर्धेतून बाद. जास्त लिहिलास तर तो जास्तच धरतात. बेरीज चुकली तर चिंता नाही, बेरीज आणि स्टेबलफोर्डचे गुण मोजणं हे कमिटीचं काम. 2023 पासून हँडिकॅप कार्डावर लिहिण्याची सक्तीही तुझ्यावर नाही. तुझी जबाबदारी अठरा चौकोनांची.

याची किंमत किती मोठ्या माणसांनी मोजली ते ऐक. 1968 च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाचे रॉबर्टो डे व्हिसेन्झो आपल्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी 65 खेळले. सतराव्या होलवर त्यांची 3 ची बर्डी होती. मार्कर टॉमी ॲरनने 4 लिहिले, आणि डे व्हिसेन्झोंनी न तपासता सही केली. 66 कायम झाले, प्लेऑफ गेला, बॉब गोल्बी एका फटक्याने विजेते ठरले. त्याआधी 1957 च्या यूएस विमेन्स ओपनमध्ये हवाईच्या जॅकी पंग एका फटक्याने जिंकल्या होत्या. चौथ्या होलवर 6 च्या जागी 5 लिहिलेलं होतं, एकूण बेरीज मात्र बरोबर होती. बाद झाल्या, विजेतेपद बेट्सी रॉल्सकडे गेलं. त्या क्लबाच्या सभासदांनी वर्गणी काढून पंग यांना रक्कम दिली, ही त्यातली बरी गोष्ट. आपल्या क्लबात कुणी वर्गणी काढणार नाही.

कॅडीशी चांगलं वाग. येरवड्याच्या आसपासची काही माणसं आपल्या मैदानाची ग्रीन वर्षानुवर्षं बघत आली आहेत, उतार तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतो. या देशातल्या थोर खेळाडूंपैकी काही कॅडीच होते: दिल्लीच्या अली शेर यांनी 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकलं, तोवर एकाही भारतीय व्यावसायिकाला ते जमलं नव्हतं. तेव्हा रेषा विचार, क्लब विचार. पण निर्णय आणि दंड दोन्ही तुझे. कॅडी भावुक असतात, त्यांना तू जिंकायला हवी असतेस, आणि रफमधला बॉल कधी कधी कुणाच्या बुटाने हळूच बऱ्या जागी जातो. तो दंड तुझ्या कार्डावर पडतो. फेरीच्या आधीच हसत पण स्पष्ट सांग: बॉलला हात नाही, पाय नाही. पट मारायला उभी राहताना त्याला तुझ्या मागे रेषेत उभं राहू देऊ नकोस, 2019 पासून तेही मना आहे.

बॉल शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात. पूर्वी पाच होती आणि जुने मेंबर अजून पाचच धरतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण घड्याळ बघ. बॉल कुंपणाबाहेर किंवा झाडीत गेल्याची शंका आली की तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, 'प्रोव्हिजनल मारतेय' म्हण. नुसतं 'आणखी एक मारते' म्हटलंस तर तो दुसरा बॉलच खेळात आला आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही. लाल खुंट्यांच्या नाल्यात गेला तर जिथून आत शिरला तिथून दोन क्लब-लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, एक फटका दंड घेऊन ड्रॉप. आणि ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. कावळ्याने किंवा कुत्र्याने बॉल उचलून नेला तर दंड नाही, होता तिथे दुसरा ठेवायचा. मात्र कावळ्याने नेला हे कुणीतरी पाहिलेलं किंवा जवळजवळ पक्कं असायला हवं. 'कावळाच असणार' चालत नाही.

जून ते सप्टेंबर कार्डाच्या मागची स्थानिक नियमांची पानभर छपाई सोन्याची. फेअरवेवर प्रेफर्ड लाय लागू असेल तर बॉल उचल, पूस, ठेव. किती अंतरात ठेवायचा ते कमिटी ठरवते, वीतभर की क्लबभर ते वाच. एकदा ठेवला की ठेवला, पुन्हा उचललास तर एक फटका. रफमध्ये बॉल आपल्याच खड्ड्यात रुतला तर तिथेही दंडाशिवाय सुटका आहे, हे निम्म्या मेंबरांना माहीत नसतं. साचलेल्या पाण्यातूनही फुकट सुटका मिळते. बंकर पाण्याने भरला असेल तर बंकरमध्येच फुकट ड्रॉप कर, बाहेर काढायचा तर एक फटका मोज.

बक्षिसांचं थोडक्यात. तू हौशी खेळाडू आहेस, हँडिकॅपच्या स्पर्धेत रोख रक्कम घ्यायची नाही. वस्तू किंवा व्हाउचर, तेही 1,000 डॉलर किंवा 700 पौंडांच्या मर्यादेत. होल-इन-वन झाला तर गाडी ठेवलेली असेल ती घेता येते, पण संध्याकाळी सगळ्या बारचं बिल तुझ्या नावावर, हा नियम कुठल्याच पुस्तकात नाही आणि सगळीकडे पाळतात. बक्षीस समारंभाला थांब. न थांबणाऱ्याचं बक्षीस पुढच्या नंबराला द्यायची पद्धत काही क्लबांत आहे.

येत्या रविवारचं पत्रक मी वाचलं: स्टेबलफोर्ड, 95 टक्के, शॉटगन. तुला तेरावा होल मिळाला तर तो क्लबहाऊसपासून लांब आहे, चालायला वेळ लागतो. सुरुवातीची वेळ म्हणजे त्या टीवर खेळायला सज्ज असण्याची वेळ, पार्किंगमध्ये बूट घालण्याची नव्हे. बॅगेत 14 च क्लब आहेत ना ते शनिवारी रात्री मोज. पंधरावा निघाला तर मेडल असो की स्टेबलफोर्ड, दंड तुझ्या कार्डावर पडणारच. पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर पहिल्या होलवर दोन फटके दंड लागतो, त्यापेक्षा जास्त झाला तर नाव बाद.